व्हिरुंगा चॉकलेट: डार्क आवडणाऱ्यांनी नक्की घ्या

बेल्जियममध्ये राहून चॉकलेटचं कौतुक काय सांगायचं असं वाटेल, पण हे वेगळं आहे. कोको काँगोतला आणि चॉकलेटही तिथेच बनतं, व्हिरुंगा नॅशनल पार्कच्या कडेला मुटवांगाच्या फॅक्टरीत. डॉमिनिक पर्सून या इथल्या चॉकलेटवाल्याने ती उभी करायला मदत केलीय. बार मोडला की कटकन तुटतो, जिभेवर आधी कडू लागतं, मग हळूहळू मनुक्यासारखा आंबटगोडपणा येतो आणि बराच वेळ राहतो.

आता हा पार्क म्हणजे काय प्रकरण आहे ते ऐका. १९२५ चा, आफ्रिकेतला सगळ्यात जुना नॅशनल पार्क, माउंटन गोरिला, मध्ये एडवर्ड सरोवर, आणि कित्येक वर्षं याचे मोठे भाग बंदूकवाल्या टोळ्यांच्या हातात. सरोवरात मासेमारी करायची तर यांना हप्ता द्या, जंगलातली झाडं तोडून कोळसा पाडायचा (तिकडे मकाला म्हणतात) आणि गोमा शहरात विकायचा, कारण तिथे घरोघरी चूल त्याच्यावरच पेटते. गोमा नाव आपल्याकडे काहींनी ऐकलं असेल, युनोच्या शांतिसेनेत आपले जवान तिथे होते. पार्कचे २०० च्या वर रेंजर आजवर मारले गेलेत, डायरेक्टर इमॅन्युएल द मेरोद यांनाच २०१४ मध्ये रस्त्यात गोळ्या घातल्या, नशिबाने वाचले. कोकोचंही तेच, पीक तयार झालं की टोळ्या लुटतात आणि चोरून युगांडात नेऊन विकतात, शेतकऱ्याच्या हाती काय उरणार?

नुसत्या बंदुकीने हे सुटणारं नाही हे पार्कवाल्यांनी ओळखलंय ते मला फार पटतं. पार्कातल्या नद्यांवर छोटे वीजप्रकल्प उभारले, मुटवांगात एक, मग २०१५ मध्ये मातेबेला १३ मेगावॉटचा, त्या विजेवर असे कारखाने चालतात. पोराला पगाराची नोकरी मिळाली तर तो टोळीत कशाला जाईल! म्हणून नेहमीच्या बारपेक्षा जास्त पैसे गेले तरी मी मनापासून देतो.

सगळ्या दुकानांत मिळत नाही, जरा शोधावं लागतं. आणि घरात दुधाच्या चॉकलेटची सवय असलेली लहान मुलं असतील तर त्यांना कडू लागेल, त्यांच्यासाठी किसून गरम दुधात साखर घालून द्या, आमच्याकडे तसंच संपतं.