नायलॉनच्या तारा, पोलादी तारा आणि स्वराची आस

सतार किंवा सरोद नेमाने ऐकणाऱ्यांना 'आस' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तार छेडल्यानंतर स्वर जितका वेळ तगून राहतो, ती त्याची आस. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची आस फार तोकडी असते. गेल्या शनिवारी फोर्टमधल्या एका लहान सभागृहात एकल गिटारवादनाचा कार्यक्रम झाला. त्याचा पूर्वार्ध क्लासिकल गिटारचा होता, उत्तरार्ध इलेक्ट्रिक गिटारचा. दोन्ही वाद्ये एकाच वादकाच्या हाती असलेली ही दोन तासांची मैफल मला प्रामुख्याने आसेची मैफल वाटली.

सुरुवात जर्मन संगीतकार बाखच्या शाकोनने झाली, तीही मायक्रोफोनशिवाय. दोनशेच्या आसपास खुर्च्यांच्या त्या सभागृहात पहिली दोन मिनिटे वातानुकूलन यंत्राचा आवाज गिटारपेक्षा मोठा भासत होता; पुढे श्रोत्यांची चुळबुळ थांबली, कान त्या पातळीला रुळले आणि मागच्या रांगेतही खर्जाची तार स्पष्ट पोहोचू लागली. शाकोन ही मुळात एकट्या व्हायोलिनसाठी १७२०च्या सुमारास लिहिलेली रचना. तीन मात्रांच्या चार आवर्तनांचा एक आराखडा खर्जात पुन्हा पुन्हा येतो आणि त्यावर साठाहून अधिक रूपे उभी राहतात. कथकच्या साथीतला लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून, ऐकलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटणार नाही, मात्र इथे आराखडा आणि विस्तार दोन्ही एकाच वाद्यातून काढायचे असतात. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने १९३५ साली पॅरिसमध्ये ही रचना गिटारवर सादर केली, तेव्हापासून ती गिटारवादकांची कसोटी होऊन बसली आहे. व्हायोलिनचा गज स्वर हवा तितका ताणू शकतो. गिटारला ते शक्य नाही. त्याच्या बदल्यात गिटारला खर्ज मिळतो. या वादकाने सर्वांत जाड तार ई स्वरावरून डी स्वरावर उतरवून घेतली होती आणि त्या उतरवलेल्या तारेचा त्याने फार जपून, मोजक्या ठिकाणी उपयोग केला. डी मायनर या स्वरमालेतून डी मेजर या अधिक उजळ स्वरमालेत प्रवेश होतो ती जागा त्याने जवळजवळ कुजबुजल्यासारखी वाजवली. तिथे स्वर संपण्याच्या आधीच पुढचा स्वर त्याच्या जागी अलगद येऊन बसत होता, आणि दोहोंमधली फट कानाला कळत नव्हती. जलद तानांच्या भागात मात्र लय थोडी हातातून सुटली. दोन ठिकाणी मधले स्वर गिळले गेले. याच दरम्यान उशिरा आलेल्या सातआठ जणांना आत सोडण्यात आले. पंधरा मिनिटांची एकसंध रचना चालू असताना दरवाजा उघडणे हा वादकावर अन्याय आहे, आणि आयोजकांनी पुढच्या वेळी तो टाळलाच पाहिजे.

स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार तारेगाच्या 'रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा' (आल्हाम्ब्राच्या आठवणी) या रचनेत आसेचा प्रश्न उघडपणे समोर येतो. अंगठा खालचे स्वर छेडतो आणि त्यानंतर अनामिका, मध्यमा व तर्जनी एकाच तारेवर क्रमाने पडतात. हे आघात इतके जवळजवळ आणि इतके सारखे असावे लागतात की तुटक स्वरांचा एक सलग धागा झाल्याचा भास व्हावा. सतारीच्या झाल्यात, म्हणजे जलद छेडीच्या शेवटच्या भागात, आघात ऐकू यावेत अशीच अपेक्षा असते. इथे तो लपला पाहिजे. वादकाने लय प्रचलित वेगापेक्षा किंचित कमी ठेवली. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटला, कारण त्यामुळे अंगठ्याच्या स्वरांनाही स्वतःची चाल मिळाली. एरवी त्या स्वरांकडे कोणाचे लक्षही जात नाही.

प्रत्येक रचनेनंतर तो शांतपणे तारा लावत होता. मुंबईच्या पावसाळ्यात, बाहेरची दमट हवा आणि आतला कोरडा गारवा यांच्यामध्ये सापडलेले लाकडी वाद्य सुरात राहणे कठीणच असते. तानपुरा जुळेपर्यंत थांबण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांनी तो वेळ आनंदाने दिला, हे पाहून बरे वाटले. पूर्वार्धाची अखेर ब्राझिलियन संगीतकार व्हिला-लोबोसच्या १९४० सालच्या पाच प्रेल्यूड्सपैकी (छोट्या स्वतंत्र रचनांपैकी) पहिल्याने झाली. यातली मुख्य चाल जाड तारांवर, चेलोसारखी फिरते, आणि डाव्या हाताच्या कंपनाने प्रत्येक स्वराला थोडे अधिक आयुष्य द्यावे लागते.

मध्यंतरानंतर तोच प्रेल्यूड इलेक्ट्रिक गिटारवर वाजवला गेला. इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. नायलॉनची तार या चुंबकाच्या गावीही नसते. म्हणजे ही दोन वाद्ये एकाच वाद्याची लहान-मोठ्या आवाजातली रूपे नव्हेत. त्यांचा स्वर निरनिराळ्या मार्गांनी जन्माला येतो. तो प्रेल्यूड ऐकताना हे चांगलेच जाणवले. इलेक्ट्रिकवर स्वर आपोआप टिकत होता, त्याला जगवण्याची धडपड उरली नव्हती, आणि त्या धडपडीबरोबर रचनेतली आर्तताही ओसरली. संपूर्ण कार्यक्रमातला हा सर्वांत कमी रंगलेला भाग होता, तरीही तो कार्यक्रमात हवाच होता असे मी म्हणेन, कारण त्याच्यामुळे पूर्वार्धात आपण काय ऐकले ते उमगले.

त्यानंतर डिले पेडलच्या, म्हणजे वाजवलेला स्वर प्रतिध्वनीसारखा पुन्हा ऐकवणाऱ्या उपकरणाच्या, साथीने त्याने स्वतःचे उत्स्फूर्त वादन केले, आणि इथे इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या घरी आल्यासारखी वाजली. पातळ पोलादी तार पडद्यावर आडवी खेचता येते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाता येते; नायलॉनच्या जाड तारांवर ही मींड जवळजवळ अशक्यच. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून, तारेवर नळी सरकवत मींड काढली होती, त्याची मला तीव्रतेने आठवण झाली. आवाज एकदाही मोठा झाला नाही.

शेवटी अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइखचे 'इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट'. १९८७ साली जॅझ गिटारवादक पॅट मेथिनीसाठी लिहिलेल्या या रचनेत दहा गिटार आणि दोन बेस गिटार यांचे भाग आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि अकरावी गिटार मंचावर प्रत्यक्ष वाजते. पहिल्या भागातला विषय मध्य आफ्रिकेतल्या शिंगवाद्यांच्या संगीतातून घेतलेला आहे. वादकाने ध्वनिमुद्रित भागही स्वतःच वाजवून घेतले होते, त्यामुळे सर्व गिटारींचा पोत एकच होता. दुर्दैवाने ध्वनिक्षेपण सांभाळणाऱ्यांनी ध्वनिमुद्रित भागांचा आवाज इतका वर ठेवला की पहिल्या भागात मंचावरची गिटार डोळ्यांना दिसत होती, कानांना नाही. संथ दुसऱ्या भागात तोल सावरला. तिसऱ्या भागात संगीत ई मायनर आणि सी मायनर यांच्यामध्ये ये-जा करू लागते आणि शेवटाकडे बेस गिटार निघून जातात, तिथे शेजारच्या खुर्चीतले वृद्ध गृहस्थ बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून होते.

कार्यक्रमपत्रिका केवळ इंग्रजीत होती. फोर्टमधल्या सभागृहात मराठी श्रोते इतक्या संख्येने येत असताना रचनांविषयी चार ओळी मराठीत देणे अवघड नव्हते.

टाळ्या थांबेनात, तेव्हा त्याने ॲम्प्लिफायर बंद केला आणि पुन्हा नायलॉनची गिटार घेतली. तारेगाचीच 'लाग्रिमा', म्हणजे अश्रू: ई मेजर, मध्ये ई मायनर, आणि पुन्हा ई मेजर, जेमतेम दोन मिनिटे. कोणीतरी वातानुकूलनही थांबवले होते. शेवटचा स्वर नेमका कुठे संपला ते मला सांगता येणार नाही, कारण वादकाने हात तारांवरून बराच वेळ उचलला नाही आणि तोवर सभागृहात कोणी हललेही नाही.