रामटेकचा शांत मुक्काम: खोलीआधी पंचांग बघा

नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. कामठी, कन्हान मागे टाकत राष्ट्रीय महामार्ग 44 ने मनसर गाठायचं, तिथून उजवीकडे वळायचं, की पाच-सहा किलोमीटरवर गाव. एवढ्या जवळ मुक्काम कशाला, म्हणून बहुतेक लोक सकाळी येतात, राममंदिराचा गड चढतात, खिंडसी तलावाकाठी जेवतात आणि दिवेलागणीआधी परततात. मुक्कामी माणसाचा फायदा नेमका यातच आहे. अकरा ते पाच गड आणि तलाव त्यांचे, उजाडताना आणि उन्हं कलल्यावर तुमचे. पण तारीख चुकली तर हेच गाव रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही. म्हणून इथल्या मुक्कामाचं परीक्षण खोलीपासून करून उपयोग नाही, ते तिथीपासूनच करावं लागतं.

सगळ्यात अवघड महिना कार्तिक. कोजागिरीनंतर देवळादेवळांत काकडा सुरू होतो आणि पहाटे साडेचार-पाचला भजन भोंग्यावरून घराघरात पोचतं. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद हा नियम 2000 सालापासून देशभर लागू आहे, पण काकडआरतीला तो दाखवायला खेड्यात सहसा कोणी जात नाही, पाहुण्याने तर जाऊच नये. महिन्याच्या शेवटी त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा. गडावर त्रिपूर जळतो, खालच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, खोल्या आधीच भरलेल्या आणि गाडी लांब लावून चालत यावं लागतं. यात्राच बघायची असेल तर जरूर या, बघण्यासारखीच आहे. झोपेची अपेक्षा तेवढी घरी ठेवून या. रामनवमीला जवळपास हीच गत, वर चैत्राचं ऊन.

दुसरा शत्रू लग्नसराई. तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं निघतात आणि वैशाख-ज्येष्ठात तर एकेका तारखेला गावातली सगळी मंगल कार्यालयं आणि रस्त्याकडेची लॉन भरतात. डीजेचा खालचा सूर, म्हणजे तो छातीत धडधडणारा, भिंतीला जुमानत नाही. कानात कापूस घालून वरचा आवाज अडतो, हा अडत नाही. त्यामुळे लॉनपासून निदान एक किलोमीटर आणि मधे टेकडी किंवा दाट झाडी, एवढं अंतर बघावं. खोली ठरवताना त्या तारखेला लग्नाचा मुहूर्त आहे का, हे घरातल्या कॅलेंडरवर आधी बघा. दोन मिनिटांचं काम आहे, बहुतेकजण तेवढंच करत नाहीत.

मग जायचं कधी? आमचं मत विचाराल तर पौषात. साधारण डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य. पौषात आपल्याकडे लग्नं काढत नाहीत, काकडा संपलेला, मंडळांचे मांडव उतरलेले. शाळांच्या सहली एसटी भरभरून येतात खऱ्या, पण त्या दहा-साडेदहाला येतात आणि चारला जातात. फक्त 31 डिसेंबर, 26 जानेवारी आणि त्याला चिकटून येणारे शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी खिंडसीच्या काठाला सगळं नागपूर उतरलेलं असतं. सोमवारी दुपारी पोचून गुरुवारी सकाळी निघणं हा सगळ्यात सुरक्षित बेत.

पितृपक्षातही गाव शांत असतं. लग्न नाही, वरात नाही. मात्र अंबाळा तलावाच्या घाटावर सकाळी पिंडदानाची गर्दी असते. तेव्हा घाटालगतची खोली नको आणि तिथे उगाच कॅमेरा काढू नका. अधिक मासाचा हिशेब थोडा वेगळा. लग्नं बंद, पण तीर्थस्नानाला माणसं येतात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे, म्हणजे डीजे नसला तरी विदर्भाचं पेटलेलं ऊन आहेच. पारा 45 च्या वर जाणाऱ्या दिवसांत सुखाने मुक्काम करायला एसीशिवाय गत्यंतर नाही.

आषाढाचं मात्र वेगळं सांगायला हवं. 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगतो तो डोंगर हाच, हे मत वा. वि. मिराशींनी मांडलं आणि विदर्भाने ते कधीच आपलं करून टाकलं. कालिदासाचं स्मारक टेकडीवर आहे, त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ गावात 1997 मध्ये झालं. आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग बघायला जाण्याची कल्पना म्हणूनच अनेकांना सुचते. मात्र तो दिवस जूनच्या उत्तरार्धात आला तर पाऊस इथे दारात असतो, घरात आलेला असेलच असं नाही. हवा कुंद, अंगाला घामाच्या धारा आणि कूलर निकामी. ढगच बघायचे असतील तर जुलैचा दुसरा पंधरवडा धरा. जवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं, त्यामुळे पहाटे साडेचारला जिप्सीची दारं आपटत सफारीला निघणारे शेजारीही तेव्हा नसतात.

आता जागा. बसस्टँडच्या आसपासचे लॉज स्वस्त, सोयीचे आणि गोंगाटाचे. घ्यायचीच वेळ आली तर रस्त्याकडची बाल्कनीवाली खोली हसतमुखाने नाकारा आणि मागच्या अंगाची मागा. एसटीचे हॉर्न आणि पोह्याच्या गाड्यांची खडखड पहाटेच सुरू होते. शांतिनाथ जैन मंदिराच्या परिसरात यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे. स्वच्छता आणि शिस्त यांत गावातलं दुसरं काही त्याच्या जवळ येत नाही. पण ती धर्मशाळा आहे, हॉटेल नव्हे. कांदा-लसूण नाही, सूर्यास्ताआधी जेवण, रात्री उशिरा फाटक वाजवणं नाही. हे जमणार असेल तर शांततेचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. चातुर्मासात मुनिसंघ मुक्कामाला असला तर देशभरातून श्रावक येतात, तेव्हा आधी फोन करून विचारा.

सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहं म्हणजे उंच छत, जाड भिंती, भोवती झाडं, सगळं मनासारखं. अडचण एकच. पहिला हक्क दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचा आणि लोकप्रतिनिधींचा. तुमचं आरक्षण आदल्या संध्याकाळी रद्द होऊ शकतं आणि त्यात खानसाम्याचा काही दोष नसतो. त्यामुळे विश्रामगृह ठरवलं तरी हाताशी दुसरी खोली ठेवाच. खिंडसीच्या बाजूची रिसॉर्ट सोमवार ते गुरुवार सुंदर असतात, पाण्यावरचा वारा आणि पाखरं. शुक्रवार संध्याकाळपासून तिथे जलतरण तलाव, गाणी आणि वाढदिवस. एकाच जागेबद्दल एक जण पाच तारे देतो आणि दुसरा एक, त्यामागे बहुतेकदा वारच असतो.

आम्ही पहिली पसंती देऊ ती गावाबाहेर, धानाच्या बांध्यांत उभ्या असलेल्या चार-सहा खोल्यांच्या घरगुती मुक्कामांना. पण त्यांच्याबाबत फोटोवर जाऊ नका. फोटोत आवाज दिसत नाही, पाणी दिसत नाही आणि विजेचा दाब तर मुळीच दिसत नाही.

पाण्याचं आणि कूलरचं नातं इथे समजून घ्यावं लागतं. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत हवा कोरडी, तेव्हा वाळ्याचा किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर एसीच्या तोंडात मारेल असा चालतो, पण तीन गोष्टी जमल्या तर. एक, कूलर खिडकीबाहेर हवा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो आणि तासाभरात चादर दमट होते. दोन, समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, ओली हवा बाहेर जायला वाट लागते. तीन, पंप चालू हवा. बोअरचं पाणी जड असतं, क्षार ताट्यांवर पांढरे साचतात, पंपाची नळी तुंबते आणि मग पंखा नुसती झळ आत ढकलतो. खोलीत शिरताच ताट्यांना हात लावून बघा. वरून खालपर्यंत सारख्या ओल्या नसतील तर लगेच सांगा, रात्री अकराला सांगून कोणी येत नाही. टाकी साठ लिटरच्या आसपासची असेल तर कडक उन्हाळ्यात एका रात्री रिकामी होऊ शकते. झोपण्याआधी ती भरून घ्यायची. पाऊस सुरू झाला की ताट्यांचं पाणी बंद करून नुसता पंखा वापरा, नाहीतर खोलीला बुरसा वास येतो.

वीज गेली तर काय, हा प्रश्न 'जनरेटर आहे का' असा विचारू नका. जनरेटर असतो, तुमच्या खिडकीखाली असतो आणि सुरू झाला की शांतता संपते. विचारायचं ते असं: इन्व्हर्टरवर खोलीतलं काय काय चालतं? बहुतेक ठिकाणी पंखा आणि एक दिवा. कूलर, एसी, गिझर नाही. पौषात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा अंघोळीचं गरम पाणी बंबाचं की गिझरचं आणि किती वाजेपर्यंत, हेही विचारून घ्या.

फोनवर सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळेलच असं नाही. 'शांत आहे का?' असं विचारलं की 'एकदम शांत आहे जी, काही टेन्शन नाही' हेच येणार. त्याऐवजी बारीक विचारा. 'भाऊ, खोलीची खिडकी कोणत्या बाजूला उघडते? सगळ्यात जवळचं लॉन कोणतं? त्या दिवशी तुमच्याकडे काही कार्यक्रम बुक आहे का? शेजारी बांधकाम चालू आहे का?' मग खोलीच्या खिडकीत उभं राहून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा, तोही संध्याकाळी सात-आठला. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा. पूर्ण रक्कम आधी भरू नका, एका रात्रीची द्या आणि बाकी खोली बघून. आधार कार्डाची प्रत मागतात, ती सगळ्यांची जवळ ठेवा.

पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर संध्याकाळी दिव्यावर उधईचे पंख फुटलेले किडे तुटून पडतात. ओसरीचा दिवा लावून खोलीतला अर्धा तास बंद ठेवला की प्रश्न मिटतो. बांध्यांत पाणी असेपर्यंत डास असणारच, मच्छरदाणी मागा आणि नाही म्हणाले तर घरून न्या. बूट-चपला झटकून घालायच्या, रात्री अंगणात विजेरीशिवाय उतरायचं नाही. साप-विंचवाचा मुलूख आहे.

जेवणाचं थोडक्यात. लहान मुक्कामी 'आलो आणि मागवलं' चालत नाही, दुपारचं जेवण सकाळी नऊच्या आत आणि रात्रीचं चारच्या आत सांगायचं. पाटवडीचा रस्सा, हिवाळ्यात भरीत-भाकर, जमलं तर मडक्यावरची लांब रोटी सांगा. पनीर सांगून स्वयंपाकघराची परीक्षा घेऊ नका. 'तिखट कमी' म्हटलं तरी इथलं कमी हे पुण्या-मुंबईचं बरंच असतं, तेव्हा 'तर्री वेगळी द्या, काकू' म्हणावं. थंडीच्या तोंडाशी तळ्यातले उकडलेले शिंगाडे विकायला येतात, ते सोडू नयेत.

गडावर जायचं ते उजाडताच. अंबाळ्याकडून दगडी पायऱ्यांची वाट आहे, गावाच्या बाजूनेही आहे आणि वरपर्यंत गाडीरस्ताही. गुडघे धड असतील तर अंबाळ्याकडून चढून गावाकडे उतरा. वराहाची प्रचंड मूर्ती आणि वाकाटककालीन नरसिंहाची दोन मंदिरं, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, राममंदिराकडे जाण्याच्या घाईत राहून जातात. ती पाचव्या शतकातली आहेत, भोसल्यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेल्या मंदिरापेक्षा तेराशेएक वर्षांनी जुनी. प्रसादाची पिशवी हातात लटकवू नका, वानरं ती तुमच्याकडे मागत नाहीत, घेतात. पाण्याची बाटली आणि चष्माही पिशवीत. मार्चनंतर दहा वाजून गेले की अनवाणी तळपाय भाजतात, जाड मोजे जवळ असू द्या.

दुसरा दिवस मनसर आणि नगरधनचा. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर 1998 पासून झालेल्या उत्खननात विटांचं मोठं बांधकाम उघडं झालं. तिथे सावली नाही, सकाळी आठलाच पोचा. नगरधनचा किल्ला रामटेकच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटर, वाकाटकांचं नंदिवर्धन ते हेच मानतात. तिथे उन्हं उतरल्यावर जा. दोन्हीकडे खायला-प्यायला मिळेल हे गृहीत धरू नका. ऑटो करायचा तर जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून भाडं आधी ठरवा, नाहीतर परतीला रिकामा ऑटो मिळत नाही. नागपूरच्या इतवारी स्टेशनहून रामटेकला रेल्वेही येते, पण फेऱ्या मोजक्याच. त्यामुळे परतीचा बेत एसटीवर धरा आणि शेवटची गाडी किती वाजता हे उतरतानाच स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारून ठेवा.