गुहागरजवळचे निवासघर आणि पडवीतील मादागास्कर

गुहागरच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत, एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या कौलारू घरात पाहुण्यांची सोय केली आहे. खोल्या आणि मासळीचे जेवण या किनाऱ्यावर आता पुष्कळ ठिकाणी मिळते. इथे मात्र रात्रीच्या जेवणाआधी पडवीत मादागास्करमधील खेड्यांवर सचित्र कार्यक्रम होतो आणि नंतरच्या जेवणात एखाद-दुसरा पदार्थ तिकडचा असतो. यजमानांनी उमेदीची वर्षे महाजांगा बंदरातील एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर काढली. मालाच्या निमित्ताने ते पश्चिम किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत आणि मधल्या डोंगराळ पठारावरील भातशेतीच्या गावांत हिंडले असल्यामुळे त्यांचे सांगणे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे आहे.

कार्यक्रमाची सुरुवात मात्र निराश करते. गोरखचिंचेची प्रचंड झाडे आणि लेमूर यांची छायाचित्रे कोणत्याही दिनदर्शिकेवर सापडतील, आणि त्यांवर बराच वेळ जातो. खरा रंग भरतो तो यजमान लाकडी होडीची हातभर लांबीची प्रतिकृती पुढे ठेवतात तेव्हा. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील वेझू मच्छीमारांची ही होडी, लकाना, एकाच हलक्या लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेली असते आणि दोन आडव्या दांड्यांनी तिच्या एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारे लाकूड, बांधलेली असते. आपल्याकडच्या उलांडीच्या होड्या पाहिलेल्यांना तिची रचना समजावून सांगावी लागत नाही. वेगळेपण पुढे आहे. तिला चौकोनी शीड असते, आणि मासळीच्या मागे कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने घर सोडून दूरच्या वाळूच्या बेटांवर मुक्कामाला जातात, तेव्हा तेच शीड काठ्यांवर ताणून राहुटी केली जाते. बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्याखाली झोपतात, हे ऐकून पडवीतील एका दालदी (कोकणातील मुस्लिम मच्छीमार समाजातील) बाईंनी विचारलेले प्रश्न (गोडे पाणी कुठून आणतात, मासळी खारवायला मीठ किती लागते) यजमानांच्या तयार भाषणापेक्षा मला अधिक मोलाचे वाटले. असे श्रोते दररोज लाभत नसणार.

बायकांच्या कामावरील भाग सर्वांत चांगला आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला प्रवाळाचा खडक उघडा पडला की बायका लांब सळया घेऊन फटींतून ऑक्टोपस काढतात. आपल्याकडे त्याच वेळेला खडपावर कोयती घेऊन कालवे काढणाऱ्या बायका दिसतात. तेथील आंदावादुआका गावाच्या परिसरात 2004 साली खडकाचा एक भाग काही महिने ऑक्टोपससाठी बंद ठेवण्यात आला. हा प्राणी फार झपाट्याने वाढत असल्यामुळे बंदी उठल्यावर मोठे नग हाती लागले आणि मग आजूबाजूच्या गावांनीही तोच मार्ग धरला. आपल्याकडील 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी सरकारी आदेशाने येते, तिकडची ही बंदी गावाच्या सहभागाने ठरली. हा फरक यजमानांनी एका वाक्यात उरकला, तो त्यांनी सविस्तर मांडायला हवा होता.

भातशेतीच्या भागात चिखलणीचे चित्र लक्षात राहते. पाणी भरलेल्या खाचरात वशिंडाच्या बैलांचा कळप गोल गोल पळवून चिखल तुडवून घेतात. आपल्याकडे ‘श्री’ म्हणून माहीत असलेली लागवडपद्धतही मादागास्करमध्येच, आंरी द लोलानिए या फ्रेंच पाद्र्यांच्या 1983 च्या सुमाराच्या प्रयोगांतून पुढे आली: पंधरवड्याच्या आतली कोवळी रोपे, एका जागी एकच रोप, 25 सेंटिमीटरचे अंतर आणि सतत पाणी तुंबवून न ठेवणे. पूर्वेकडील डोंगरउतारांवर जंगल तोडून, जाळून भात पेरण्याच्या पद्धतीला यजमान ‘आपला राबच’ म्हणतात, ते मला पटले नाही. आपण राब भाजतो तो तरव्यापुरता, म्हणजे रोपे तयार करायच्या वाफ्यापुरता. तिकडे डोंगराचा उतारच जळतो आणि काही पिकांनंतर जमीन सोडून द्यावी लागते. ‘अगदी आपल्यासारखेच’ हे त्यांचे पालुपद एरवीही कमी झाले तर बरे. दक्षिणेतील अवर्षण आणि पूर्व किनाऱ्यावरची चक्रीवादळे यांचा विषय मीच काढल्यावर निघाला. निसर्ग वादळात सुपाऱ्या-नारळ गमावलेल्या आपल्या लोकांना तो नक्कीच जवळचा वाटला असता.

जेवणाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. शेवग्याच्या पाल्याचे वाळलेला जवळा घातलेले पातळ कालवण हा महाजांगाकडचा पदार्थ उकड्या तांदळाच्या भाताबरोबर उत्तम लागतो, फक्त मसाल्याची सवय असलेल्यांनी शेजारी बांगड्याचे तिखले मागून घ्यावे. शेवटी येते रानुवुला, म्हणजे भाताच्या भांड्याला तळाशी लागलेल्या खरपुडीत पाणी घालून उकळलेले पेय. तिन्ही त्रिकाळ भात खाणाऱ्या त्या देशात ते जेवणासोबत पितात. मला त्याचा धुरकट वास आवडला. माझ्या सोबत्यांनी सोलकढी मागितली, आणि ती तयार होती.

खोल्या स्वच्छ आहेत, मच्छरदाण्या चांगल्या आहेत, न्हाणीघर मात्र घराबाहेर आहे आणि वाडीत उतरणारी शेवटची पाखाडी वृद्धांना जड जाईल. दर आसपासच्या घरांपेक्षा काहीसा जास्त असून कार्यक्रमाचे पैसे त्यातच धरलेले असतात. ज्यांना फक्त समुद्र आणि मासे हवे आहेत, त्यांनी जवळपास दुसरीकडे उतरावे. पाहुणे थोडे असतील तर कार्यक्रम होत नाही, म्हणून आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे, आणि शक्य असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास जावे, कारण त्या दिवसांत ओहोटी लांबवर जाते आणि यजमान सकाळी पाहुण्यांना खडपावर घेऊन जातात.