एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल: पैसे कशासाठी मोजावेत?

एकाच गाडीचे दोन व्हेरियंट समोर आहेत. एकात नुसतं एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम), दुसऱ्यात ट्रॅक्शन कंट्रोलही. वरचा व्हेरियंट घ्यावा का, याचं उत्तर गाडी पाहून बदलतं. एबीएसवर मात्र कधीच तडजोड करू नका.

करकचून ब्रेक दाबला की चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा कमी पडतो आणि शेवटी चाक लॉक होतं. अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला की उलट होतं, चाक जागच्या जागी गरगर फिरतं. पहिलं एबीएस सांभाळतं, दुसरं ट्रॅक्शन कंट्रोल.

एबीएसमध्ये चाकांजवळचे सेन्सर त्यांचा वेग सतत मोजत असतात. एखादं चाक लॉक व्हायला आलं की व्हॉल्व्ह त्याच्या ब्रेकचा दाब रोखतो, लागला तर सोडतो, आणि चाक फिरू लागलं की पुन्हा चढवतो. हे सेकंदात अनेकदा घडतं. डांबरी रस्त्यावर टायरची सर्वांत जास्त पकड मिळते ती चाक थोडंसं घसरत पण फिरत असताना. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे स्टिअरिंग. लॉक झालेली पुढची चाकं वळवली तरी गाडी सरळच घसरत जाते. एबीएस असेल तर ब्रेक पूर्ण दाबून ठेवूनही अडथळा चुकवता येतो. सुट्या खडीवर मात्र थांबायला जास्त अंतर लागू शकतं, कारण लॉक झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग साचवतं आणि तोच गाडीला अडवतो. एबीएस चालू झालं की पेडल पायाखाली धडधडतं. घाबरून पाय उचलू नका, तसाच दाबून ठेवा. ही एक गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असायलाच हवी.

ट्रॅक्शन कंट्रोल हेच सेन्सर वापरतं. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. ट्रॅक्शन कंट्रोल त्याच पायावर पुढच्या दशकात उभं राहिलं. इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. अशा वेळी ही यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, म्हणजे पकड असलेल्या चाकाकडे जोर जातो. सोबत इंजिनाची ताकदही कमी करते. रुतलेली गाडी बाहेर काढताना मात्र ही ताकद कमी होणंच नडतं, म्हणून बंद करायचं बटण आहे का ते पाहून घ्या.

आता निवड. चाक जागीच फिरलं तर बहुतेक वेळा पाय सैल करून निभावतं. ब्रेक दाबताना भीतीपोटी तेवढा विचार करायला वेळच नसतो, म्हणून एबीएस आधी. पुढच्या चाकांवर चालणारी, लहान इंजिनाची गाडी कोरड्या डांबरी रस्त्यांवरच फिरणार असेल, तर नुसत्या ट्रॅक्शन कंट्रोलसाठी मी वरचा व्हेरियंट घेणार नाही. ताकदवान आणि मागच्या चाकांवर चालणारी असेल, किंवा ओल्या चढणी रोजच्याच असतील, तर जरूर घेईन.

वरच्या व्हेरियंटमध्ये ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) असेल तर हिशोबच बदलतो. वळणावर गाडी भरकटू लागली की ईएससी एकेका चाकाला स्वतः ब्रेक लावून तिला मार्गावर आणतं, आणि त्यासोबत ट्रॅक्शन कंट्रोल सहसा येतंच. त्यासाठी मी म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हील्स, दोन्ही सोडून देईन.