आरएक्स-८ ला टर्बो लावून आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

आठ महिने झाले, साडेअकरा हजार किलोमीटर झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक उतरलं असतं, म्हणून थांबलो होतो.

गाडी माझदा आरएक्स-८, सहा पोर्टचं (हवा आत येण्याची सहा तोंडं असलेलं) रेनेसिस इंजिन, मॅन्युअल गिअर. हे रोटरी इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर फिरतात. मुळात बिनटर्बोचं आणि ९००० आरपीएमपर्यंत हौसेने फिरणारं. माझी तक्रार एकच होती, ४००० च्या खाली त्यात जोर नाही. चढावर, मागे माणसं बसलेली असली की गिअर उतरवल्यावाचून गाडी हलायची नाही. आता एक टर्बो (एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), पुढे ती हवा गार करणारा इंटरकूलर, आणि बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब, फक्त ०.४५ बार.

टर्बो मागवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबतं ते, मोजून घेतलं. पिस्टनच्या इंजिनाचा साधा गेज इथे फसवतो. एका रोटरला तीन बाजू असतात आणि तो गेज तिन्हींतला मोठा आकडा धरून बसतो, त्यामुळे एक बाजू कमजोर असली तरी कळत नाही. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो. २५० आरपीएमच्या हिशेबाने माझे सहाही आकडे ७.८ ते ८.१ बारमध्ये आले. कंपनीची किमान मर्यादा ६.८ आहे. सातच्या आसपास आले असते तर टर्बोसाठी ठेवलेले पैसे मी इंजिन नव्याने बांधण्यात घातले असते.

चालवायला गाडी पार बदलली. रोटरीचा एग्झॉस्ट अतिशय गरम आणि जोरकस असतो, त्यामुळे टर्बो लवकर फिरायला लागतो. २८०० पासून ढकल जाणवते, ३५०० ला पूर्ण बूस्ट. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी १८२ हॉर्सपॉवर होती ती २५६ झाली. पण मला खरा आनंद होतो तो तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना. हाच गिअर पूर्वी तिथे दम टाकायचा.

८००० च्या पुढची ती मोकळी धाव मात्र गेली, आणि तिची आठवण येते. कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. आरएक्स-७ च्या टर्बो इंजिनात एग्झॉस्टचा पोर्ट रोटर हाऊसिंगच्या परिघावर होता, गॅस सरळ बाहेर पडायचा. रेनेसिसमध्ये तो बाजूच्या प्लेटमध्ये आहे, शिवाय मधल्या प्लेटमध्ये दोन्ही रोटरचा गॅस एकाच तोंडातून निघतो. सगळ्यात जास्त उष्णता तिथेच साचते. पाचव्या महिन्यात थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू यायला लागली. मॅनिफोल्ड (इंजिनातला गॅस टर्बोकडे नेणारे पाइप) नेमका मधल्या पाइपच्या वेल्डिंगला तडकला होता. काढून पुन्हा वेल्ड केला, टर्बोचं वजन पेलायला खालून आधार दिला, तेव्हापासून शांत आहे. हा आधार पहिल्या दिवसापासून हवा होता.

बूस्ट इतका कमी का, असं सगळे विचारतात. आरएक्स-७ च्या त्या टर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ९:१ होता, याचा १०:१ आहे, म्हणून बूस्टवर नॉक (पेट्रोल अवेळी भडकून बसणारा ठोका) लवकर होतो. पिस्टनचं इंजिन थोडाफार नॉक सोसून घेतं. इथे एकच जोराचा नॉक एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची सील) मोडायला पुरतो, आणि मोडलेली सील हाऊसिंगही ओरबाडून टाकते.

ती वेळ माझ्यावर येता येता टळली. ज्यांनी पहिला मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोल आणि स्पार्कची सेटिंग) केला त्यांचं म्हणणं होतं, मूळचा पेट्रोल पंप पुरेल. दुसऱ्याच आठवड्यात भर उन्हात, टाकी पाव भरलेली असताना, पूर्ण बूस्टवर वाइडबँडचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या गेजचा) आकडा ११ वरून १२.४ वर सरकताना दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. लगेच पाय उचलला. पंपाचा दाब वर टिकतच नव्हता. मोठा पंप घातला, दुसऱ्या ट्यूनरकडून मॅप नव्याने करून घेतला. आता बूस्टवर आकडा ११ च्या आसपास राहतो, स्पार्कचं टायमिंग मागे घेतलेलं आहे आणि लीडिंग प्लगही (रोटरच्या दोन स्पार्क प्लगांपैकी आधी पेटणारे) जास्त थंड रेंजचे आहेत. वाइडबँड डोळ्यांसमोर नसता तर हा अनुभव मी वेगळ्याच सुरात लिहिला असता. टर्बोच्या आधी तो बसवा, मग बाकीचं.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. पाणी बरंच तापलं तरी तो मधोमध उभा राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी आणि ऑइल दोन्हींसाठी वेगळे गेज लावलेत. वाहत्या रस्त्यावर पाणी ९० अंशांपाशी राहतं. ट्रॅफिकमध्ये १०३ ला गेलं होतं, म्हणून रेडिएटर मोठा केला. आता ९७ च्या वर जात नाही. ऑइल अजून मला हवं तितकं थंड राहत नाही.

इंजिन स्वतः थोडं ऑइल जाळतंच, ते सीलना हवंच असतं. त्यावर लिटरमागे चार-पाच मिली टू-स्ट्रोक ऑइल मी पेट्रोलमध्ये मिसळतो. इंजिन ऑइल दर ३००० किलोमीटरला बदलतो. मायलेज लिटरला ८ चं ७ झालं, पाय दाबला तर ४.

गेल्या आठवड्यात कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं. पाच आकडे जवळपास तिथेच आहेत, मागच्या रोटरची एक बाजू ७.८ वरून ७.६ वर आली आहे. एवढा फरक मोजणीतलाही असू शकतो. तरी पाच हजार किलोमीटरनंतर परत मोजणार आहे. तोपर्यंत बूस्ट ०.४५ च्या वर जाणार नाही, आणि हातातले पैसे मोठ्या ऑइल कूलरवर जातील.