किडनी कमजोर आणि त्यात हार्ट अटॅक: स्टेंट, गोळ्या की बायपास?

नागपुरात मी चौदा वर्षं डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम करतो. मशीनवर पेशंट असला की बाहेरच्या बाकावरून कुणीतरी नातेवाईक उठून येतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, डॉक्टर स्टेंट टाकू म्हणतात. पण तो डाय गेला की किडनी बसते म्हणतात नं लोक? काय करावं?" डाय म्हणजे नसा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून टोचतात तो द्रव. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, हाच प्रश्न माझ्या घरात आला. काटोलचे मामाजी, वय ६२, जुनी शुगर, क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा जितका जास्त, तितकी किडनी कमजोर) २.४. छातीत कळ आलीच नाही. दम लागला, घाम फुटला आणि ते अंगणातच खाली बसले. शुगर आणि किडनीच्या पेशंटला अटॅक असाही येतो, म्हणून "छातीत दुखत नाही ना, मग गॅस असेल" असं कुणी म्हटलं तरी ईसीजी काढाच.

मामाजींच्या वेळी कॉरिडॉरमध्ये आम्ही सात-आठ जण उभे होतो आणि प्रत्येक जण वेगळ्याच आजाराबद्दल बोलत होता. धाकटा भाऊ म्हणे स्टेंट टाका, मामी म्हणे किडनी वाचवा, एका पाहुण्याच्या ओळखीतल्या माणसाला गोळ्यांवर बरं वाटलं होतं. सगळे आपापल्या जागी खरे होते. कारण स्टेंट की गोळ्या, याचं उत्तर किडनीच्या आकड्याआधी एका गोष्टीवर ठरतं. अटॅक आत्ता चालू आहे, की तपासणीत ब्लॉकेज सापडलं आहे?

ईसीजीत मोठा अटॅक दिसतोय, म्हणजे नस पूर्ण बंद आहे, तर तुलना करत बसायची वेळ नाही. दवाखान्यात पोचल्यापासून ९० मिनिटांत नस उघडावी, असं डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं. अशा वेळी "आधी क्रिएटिनिन कमी होऊ द्या, मग बघू" हे मला सर्वांत घातक वाक्य वाटतं. आमच्या युनिटला एक पेशंट असाच दोन दिवस थांबवून आला होता. तोवर हृदयाचं पंपिंग इतकं पडलं की किडनीला रक्तच पुरेना, आणि जी किडनी जपायला थांबले तीच आधी गेली. हृदयाने रक्त ढकललं तरच किडनी चालते. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून येणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. दीडशे किलोमीटर आणि त्याहून जास्त अंतर दोन तासांत कापून नस उघडणं होत नाही. तिथे जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आधी आणि मग नागपूर, हाच बरा क्रम. फक्त पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते तिथल्या डॉक्टरला लगेच सांगा.

याच्या अगदी उलट दुसरी स्थिती. अटॅक आलेला नाही, चालताना थोडं भरून येतं, स्ट्रेस टेस्ट खराब आहे आणि किडनी अगदी अखेरच्या टप्प्यात किंवा डायलिसिसवर. २०२० साली अशाच ७७७ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा, जितका कमी तितकी किडनी खराब) ३० च्या खाली किंवा डायलिसिस चालू असलेली ही माणसं होती. अर्ध्यांना अँजिओग्राफी (डाय टाकून नसा बघणं) आणि गरजेप्रमाणे स्टेंट वा बायपास, अर्ध्यांना फक्त औषधं. तीन वर्षांत मृत्यू किंवा अटॅक दोन्हीकडे सारखाच, ३६ टक्क्यांच्या आसपास. उलट अँजिओग्राफीच्या गटात पक्षाघात जास्त झाले. म्हणजे इथे औषधं चालू ठेवून थांबणं हा उपचारच आहे. "पैसे नाहीत म्हणून गोळ्या चालू आहेत" असं मनाला लावून घेऊ नका. पण हा अभ्यास दाखवून चालू अटॅकमधला स्टेंट कुणी नाकारत असेल तर तेही चूकच. अटॅकचे पेशंट त्यात नव्हतेच.

खरा घोळ या दोहोंच्या मधल्या अटॅकचा. ईसीजीत फारसं नाही, पण ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात चढणारा घटक, वाढलेलं. मामाजींचं हेच होतं. किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन एरवीही थोडं वाढलेलं असतं, म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका. काही तासांनी पुन्हा केलेली तपासणी चढती आहे का ते बघायचं. मामाजींची चढत होती. इथे डॉक्टरांना साधारण एक दिवस मिळतो आणि तो सलाईन देऊन, औषधं जुळवून वापरता येतो. स्वीडनमधल्या नोंदींचा २००९ सालचा अभ्यास असं सांगतो की किडनी मध्यम खराब असेल तोवर लवकर अँजिओग्राफी केलेल्यांचं पहिलं वर्ष जास्त सुखरूप जातं, आणि किडनी जितकी खाली तितका तो फायदा कमी होत डायलिसिसच्या पेशंटमध्ये धूसर होतो. मामाजींचा ईजीएफआर ३० च्या आसपास होता. आम्ही हो म्हटलं. आज पुन्हा विचारलं तरी हो म्हणेन.

आता डायबद्दल. डाय किडनीला त्रास देतो हे खरं आहे, पण तो किती जातो हे डॉक्टरांच्या हातात असतं. ईजीएफआरच्या दोन ते तीन पटीपेक्षा जास्त मिली डाय जाऊ नये, असा एक ढोबळ हिशेब असतो. मामाजींसाठी तो ९० मिलीच्या आत, म्हणजे टपरीवरचा चहाचा छोटा ग्लासभर. तुम्ही ही मर्यादा बोलून दाखवली की समोरचा डॉक्टर ती किती गंभीरपणे घेतो ते लगेच कळतं. नसेच्या आतून सोनोग्राफी करायची सोय असेल तर बरीच मापं डायशिवाय घेता येतात. अटॅकची नस आज उघडून बाकीच्या नसा काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी करणं, हाही किडनीवरचा भार वाटून घेण्याचा चांगला मार्ग. किडनी वाचवायची म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या पूर्वी सर्रास देत. २०१८ साली जवळजवळ ५,००० पेशंटच्या अभ्यासात त्यांचा उपयोग दिसला नाही. साधं सलाईन आणि कमी डाय, याच्यावर अजून काही सरस नाही. फुप्फुसात पाणी असेल तर सलाईनही जपून. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत कोरडा पडलेला आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी खाल्लेला पेशंट टेबलवर गेला, तर थोडा डायही भारी पडतो. ती गोळी चालू होती का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

एक गोष्ट कार्डिऑलॉजीवाल्यांपेक्षा आम्हा डायलिसिसवाल्यांना जास्त खुपते. मनगटातून केलेल्या अँजिओप्लास्टीत रक्तस्राव कमी होतो, म्हणून हल्ली सगळीकडे मनगट. पण पुढे डायलिसिस लागलं तर फिस्टुला, म्हणजे सुई टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, त्याच हातावर, त्याच मनगटाच्या धमनीवर करावा लागू शकतो. चांगल्या फिस्टुलावर बोट ठेवलं की आत मधमाश्यांचं मोहोळ असावं तशी गुणगुण लागते. ती नस खराब झालेला हात मी रोज बघतो, सुई टोचायला जागा मिळत नाही. तेव्हा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मनगट की जांघ, हे हृदयाच्या आणि किडनीच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवावं, असा आग्रह धरा. फिस्टुला झालेला हात तर कशालाच देऊ नका, बीपीच्या पट्ट्यालासुद्धा नाही.

स्टेंट कोणता, यावर पूर्वी वाद होता. किडनीच्या पेशंटला रक्तस्राव लवकर होतो, म्हणून औषध नसलेला साधा स्टेंट टाका आणि रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या महिन्यात थांबवा, असं म्हणत. २०१५ साली, रक्तस्रावाचा धोका मोठा असलेल्या २,४६६ पेशंटमध्ये दोन्ही प्रकारांना महिनाभरच दोन गोळ्या देऊन पाहिलं, तर औषधाचा लेप असलेला स्टेंट जास्त सुरक्षित निघाला. त्यामुळे साध्या स्टेंटचं मोठं कारण संपलं. किंमत हे दुसरं कारण होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. नंतर ते दर वेळोवेळी बदलत गेले, तरी मर्यादा कायम आहे. बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा. अटॅकनंतर दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, किडनी खराब असेल तर डॉक्टर हा काळ कमी करू शकतात. तुम्ही मात्र स्वतःहून एक दिवसही कमी करू नका, दात काढायचा असला तरी विचारूनच.

बायपासचा विचार मुख्यतः शुगर असून तीन नसा खराब असतील तेव्हा. २०१२ सालच्या १,९०० शुगरच्या पेशंटच्या अभ्यासात पाच वर्षांत बायपासवाल्यांचे मृत्यू आणि अटॅक कमी होते, पक्षाघात जास्त. किडनी आधीच खाली असेल तर ऑपरेशननंतर काही दिवस डायलिसिस लागू शकतं. माझं मत असं, की माणूस पंचावन्न-साठचा, हिंडताफिरता असेल तर बायपासचा प्रश्न टाळू नका. ऐंशीच्या आजीला मात्र मी तो सुचवणार नाही.

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दवाखाने इतके आहेत की लोक अटॅक चालू असताना एकातून दुसऱ्यात फिरतात. त्यापेक्षा कार्डिऑलॉजी, नेफ्रॉलॉजी आणि डायलिसिस मशीन एकाच छताखाली आहे का, एवढंच बघा. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत हे आहे. महात्मा फुले या राज्य सरकारच्या आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, त्यात अँजिओप्लास्टीही बसते आणि डायलिसिसही. पेशंट आत गेला की घरच्या एकाने रेशन कार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे जावं.

मामाजींना भेटायला गावाकडून सगळे आले आणि प्रत्येकाने संत्री आणली. काटोलची माणसं, दुसरं काय आणणार? नारळपाणीही होतं. दोन्हींत पोटॅशियम, कमजोर किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि त्यांचं आधीच ५.४, म्हणजे जास्त. मी ती पिशवी नर्सेसच्या टेबलावर ठेवून आलो. मामी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

डिस्चार्ज सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो आणि डायचा परिणाम क्रिएटिनिनवर दिसतो तोही ४८ ते ७२ तासांत. म्हणून घरी गेल्यावर गावातल्या लॅबमध्ये एकदा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. किडनीसाठी बंद केलेली मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी रिपोर्ट दाखवल्याशिवाय सुरू करू नका. मामाजींचं क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी २.९ आलं होतं. दहाव्या दिवशी २.५.