घरी नाही, पण बोलला: दारोदार प्रचाराच्या अ‍ॅपचा माझा अनुभव

पाचपैकी तीन तारे. साडेतीन देणार होते, पण भाऊबीजेच्या संध्याकाळी या अ‍ॅपने जो घात केला, त्यात तो अर्धा गेला.

२०२४च्या सप्टेंबरचा शेवटचा शनिवार ते ५ नोव्हेंबरचा, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाचा मंगळवार, एवढे दिवस ते माझ्या फोनमध्ये होतं. सहा शनिवार, चार रविवार आणि तो एक मंगळवार. त्याच्याच हिशेबाने मी ५१२ दारं वाजवली आणि त्यातली ९४ उघडली. म्हणजे मत मांडायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

नाव मुद्दाम देत नाही, अ‍ॅपचंही नाही आणि उमेदवाराचंही नाही. नाव दिलं की मी कुठल्या बाजूची हे शोधण्यातच वाचणाऱ्याचा वेळ जाणार. आणखी एक आधीच सांगून टाकते, मला अमेरिकेत मत नाही. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. नागरिक नसलेल्या माणसाने पैसे न घेता प्रचाराचं काम केलं तर कायद्याची हरकत नसते, मतदान मात्र करता येत नाही. नवरा म्हणायचा, "जिला पंगतीत पान नाही ती वाढायला निघाली." म्हणू दे. गाडीत पेट्रोल तोच भरून द्यायचा.

आम्ही राहतो एडिसनला, न्यू जर्सीत. इथे १९९२पासून प्रत्येक वेळी राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाच पक्षाचा उमेदवार जिंकत आलाय, त्यामुळे आमच्या दारावर कोणी येत नाही. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया, आणि तिथे मात्र दोन्हीकडचे लोक दार उखडायला बसलेले. जिंकायला २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्य जिंकलं की मिळणारी मतं, लागतात, त्यातली १९ एकट्या या राज्याची. २०१६ला इथला निकाल साधारण ४४ हजार मतांनी लागला, २०२०ला ८० हजारांनी, आणि दोन्ही वेळा उलट्या बाजूंनी. म्हणून शनिवारी सकाळी रूट १ धरायचा, ट्रेंटनला टोल भरून पूल ओलांडायचा, शेजारच्या पुलावरची ती मोठाली अक्षरं, 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स', वाचायची आणि बक्स काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, उतरायचं.

तिथे कुणाच्या तरी गॅरेजात टेबल मांडलेलं असतं. डोनट, पत्रकांचे गठ्ठे, आणि एक न झोपलेला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, जो आपला साहेब. तो एक आकडा सांगतो, आपण तो अ‍ॅपमध्ये टाकतो आणि आपली यादी उघडते. चाळीस-पन्नास घरं, नकाशावर ठिपके. ठिपका दाबला की त्या घरातले मतदार दिसतात: नाव, वय, कुठल्या पक्षाकडे नोंदणी. ही माहिती चोरलेली वगैरे नाही. पेनसिल्व्हेनियाची मतदार यादी वीस डॉलर भरून रीतसर मिळते, आणि कोणी कुठल्या निवडणुकीत मतदान केलं हेही तिच्यात असतं. कोणाला केलं ते अर्थातच नसतं. पहिल्या दिवशी मला हे सगळं फार विचित्र वाटलं. अनोळखी माणसाच्या पायरीवर उभं राहायचं, त्याचं वय आपल्याला ठाऊक, आणि आपण आहोत कोण हे त्याला माहीतच नाही.

कौतुक करायचं तर पहिलं हे, की काम संपतं. ठिपके एकेक करून रंग बदलतात, शेवटचा बदलला की सुटका. समाजकार्याच्या नावाखाली मी आजवर जे जे केलं त्यात संपणारं असं काही नव्हतं, मंडळाच्या गणपतीचा हिशेबसुद्धा मार्गशीर्षापर्यंत चालतो. सम आणि विषम नंबरांची घरं वेगळी दाखवायची सोय आहे, त्यामुळे रस्त्याची एक बाजू उतरून दुसऱ्या बाजूने वर यायचं. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांच्या वतीने याबद्दल आभार.

दुसरं कौतुक लेव्हिटाउनमुळे. हे गाव १९५२ ते १९५८च्या दरम्यान एकाच बिल्डरने उभं केलं. १७,३११ घरं, ठरावीक पाच-सहा नमुन्यांची. त्यात एका भागातल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, आणि रस्ते सरळ नाहीत, जिलबीसारखे वळतात. तिसऱ्या वळणानंतर आपण आत चाललोय की बाहेर ते कळत नाही. तिथे हा नकाशा नसता तर मी अजून फिरत असते.

माझा जोडीदार निवृत्त पोस्टमन. एकतीस वर्षं टपाल टाकलेला माणूस. दार वाजवायला नेहमी जोडीने जायचं असतं, आणि मला तो लॉटरीत लागावा तसा लागला. कुठल्या कुंपणामागचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला गप्प बसून वाट बघतो, हे तो लांबून सांगायचा. पहिल्याच दिवशी एक घर बंद होतं, मी पत्रक टपालपेटीत सरकवायला गेले तर त्याने माझं मनगटच धरलं. तिकीट न लावलेला कागद लोकांच्या टपालपेटीत टाकणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पत्रक दाराच्या फटीत किंवा मुठीला अडकवायचं. ही गोष्ट अ‍ॅपच्या पहिल्याच पडद्यावर लाल अक्षरांत हवी, ती कुठेच नाही.

आता तक्रारी. भेटीचा निकाल नोंदवायला अ‍ॅप मोजकेच पर्याय देतं: बोलणं झालं, घरी नाही, नकार, दुसरीकडे राहायला गेले, पोचता आलं नाही, मयत. हे ज्याने ठरवलं त्याने बहुधा दहा वर्षांत कोणाचं दार वाजवलेलं नाही. हल्ली निम्म्या दारांवर कॅमेऱ्याची बेल असते. एका घरी मी बेल दाबली, आतून काही हालचाल नाही, आणि बेलच बोलायला लागली. घराचा मालक होता, कुठल्या तरी गोदामात कामावर. आम्ही चार मिनिटं बोललो. मी एका प्लास्टिकच्या गोल बटणाला किराणा महागल्याबद्दल सहानुभूती दाखवत होते, शेजारी हॅलोविनचा सांगाडा खुर्चीत बसून ऐकत होता. सहा आठवड्यांतलं ते एक चांगलं संभाषण. आता याला काय म्हणायचं? घरी नाही, पण बोलला. 'बोलणं झालं' दाबायला गेले तर अ‍ॅप विचारतं, पत्रक हातात दिलं का? नाही म्हटलं की परत पहिल्या पडद्यावर आणून सोडतं. शेवटी 'घरी नाही' दाबलं. ते बटण मोठं आहे, हिरवं आहे, अंगठ्याखाली आपसूक येतं. बाकी सगळी बारीक.

आणि ती एक ते पाचची पट्टी. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का समोरचा. जो माणूस म्हणतो, "दोघंही नकोत, पण माझी आई मतदान चुकवायची नाही म्हणून मी जाणार," तो तीन का? यादीतल्या त्याच्या शेजाऱ्याला चुलीवरचं जळतंय म्हणून बोलायचं नव्हतं, तोही तीन. एका घरात पाच पटेल असतील तर अ‍ॅप पाचही वेळा पहिल्यापासून विचारायला लावतं, एकाच बाईला, तिच्या नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, दोन मुलांबद्दल. जनगणनेला आल्यासारखं वाटतं.

दारात काय बोलायचं याची अ‍ॅपमधली स्क्रिप्ट तर शिळीच. २ नोव्हेंबरला ती मला सांगत होती की मतदाराला टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज करायला सांगा. मुदत २९ ऑक्टोबरला संपलेली. कार्यालयांबाहेरच्या रांगांमुळे बक्स काउंटीपुरती न्यायालयाने ती १ नोव्हेंबरपर्यंत वाढवली, तीही उलटून गेलेली. मी स्क्रिप्ट वाचणं दुसऱ्याच शनिवारी सोडलं होतं म्हणून निभावलं. नवीन आलेल्या माणसाने तेच वाचून दाखवलं असेल.

१९ ऑक्टोबरला आम्हाला बक्स काउंटीतल्याच बेन्सेलम गावाची यादी मिळाली. एका दारावर आंब्याच्या पानांचं प्लास्टिकचं तोरण. यादीत त्या घरात एकच नाव, एकवीस वर्षांची मुलगी. दार उघडलं तिच्या वडिलांनी. गुजराती गृहस्थ, मला बघून इंग्रजी सोडून हिंदीवर आले, "आओ बेन, पानी पियो." मुलगी पिट्सबर्गला शिकते, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने टपाली मतपत्रिका मागवली होती, पत्ता घरचा दिला होता. ती आली आणि आठवडाभर फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलेली होती, गॅसच्या बिलाशेजारी. दिवाळीला येईल तेव्हा भरेल, असा त्यांचा हिशेब. ती दिवाळीला येणार नाहीये हे त्यांना त्याच सकाळी कळलं होतं.

वडिलांना मत नाही. त्यांच्याकडेही ग्रीन कार्डच. तेव्हा ज्यांना मत नाही अशी आम्ही दोघं फ्रिजसमोर उभी राहून तिसऱ्याच माणसाच्या मताचा खल करत होतो. ते म्हणाले, मी तिला फोनवर विचारून भरतो आणि टाकून येतो पेटीत. मी जवळजवळ ओरडलेच, "नाही भाई, हात लावू नका." पेनसिल्व्हेनियात आपली मतपत्रिका आपणच परत करायची, अपंग मतदाराने रीतसर फॉर्म भरून कोणाला नेमलं असेल तर ती गोष्ट वेगळी. पोस्टमनने सूत्रं हातात घेतली. पाकीट न उघडता दुसऱ्या मोठ्या पाकिटात घाला, सोमवारी सकाळी सगळ्यात जलद टपालाने पिट्सबर्गला पाठवा. तिने भरायचं, आधी आतलं कोरं गुप्ततेचं पाकीट, मग बाहेरचं, त्यावर सही आणि तारीख, आणि तसंच जलद टपालाने परत. ५ नोव्हेंबरच्या रात्री आठच्या आत ते काउंटीच्या निवडणूक कार्यालयात पोचलं पाहिजे. शिक्का त्या दिवसाचा आहे म्हणून चालत नाही, पाकीटच पोचलं पाहिजे. आतलं पाकीट विसरली तर मत बाद, २०२४च्या त्या निवडणुकीत तारीख विसरली तरी बाद धरायचं होतं. वडिलांनी हे सगळं गॅसच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, गुजरातीत. मग आम्हाला चहा मिळाला.

पंचवीस मिनिटं गेली. अ‍ॅपने वर लाल पट्टी दाखवली: तुमचा वेग कमी आहे. काय नोंदवायचं होतं मी? मुलगी घरी नाही. 'घरी नाही' दाबलं. खाली शेरा लिहायला जागा होती, तिथे लिहिलं की मतपत्रिका पिट्सबर्गला निघाली आहे, पाठपुरावा करा. नंतर गॅरेजातल्या मुलाला विचारलं हे शेरे कोण वाचतं. तो प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, वेळ मिळाला तर मीच.

आणि ३ नोव्हेंबर. भाऊबीज. बोस्टनच्या भावाला व्हिडिओवर ओवाळून निघाले होते. त्याच पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेलेली, त्यामुळे पाच वाजायच्या आत अंधार. लेव्हिटाउनच्या त्याच जिलबीत आम्ही, फोन नऊ टक्क्यांवर. या अ‍ॅपला नकाशा सतत उघडा लागतो आणि तो बॅटरी पिऊन टाकतो. शेवटची काही घरं उरली असताना फोन मेला. गाडीत चार्ज करून उघडला तर दुपारपासूनच्या एकतीस नोंदी गायब. नोंदी आपोआप वर जातात असं शिकवताना सांगितलं होतं. एक छोटं ढगाचं चित्र दाबल्याशिवाय जात नाहीत हे नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जोडीला तीच एकतीस घरं मिळाली. त्यातल्या एका आजोबांनी दारावर आमच्याच प्रचाराची तीन पत्रकं चिकटवली आणि खाली मार्करने लिहिलं, 'चौथा आला तर समोरच्याला मत देईन.' त्याचा फोटो आमच्या गटात फिरला. सगळे हसले, मला हसू आलं नाही. या काउंटीत दोन मुख्य उमेदवारांमध्ये शेवटी तीनशे मतांचंही अंतर राहिलं नाही.

तर अ‍ॅप वापरणार असाल तर ढगाचं चित्र दर पाच घरांनी दाबा. पॉवर बँक न्या. गॅरेजातून कागदावरची यादी मागून घ्या. नाही म्हणतात, पण असते. आणि वावा, म्हणजे इथल्या साखळी दुकानांपैकी एखादं, कुठे आहे ते आधी बघून ठेवा, कॉफीसाठी नाही, स्वच्छतागृहासाठी. याच लोकांचं फोनवरून प्रचार करायचं यंत्रही मी दोन संध्याकाळ वापरलं. सव्वाशे नंबर लागले, सात माणसं बोलली. त्याला तारे देत बसत नाही. गुडघे अगदीच साथ देत नसतील तर हाताने पोस्टकार्डं लिहा. तिकीट (२०२४ला ५६ सेंटचं होतं) आपल्या पदरचं, पण निदान आपण काय लिहिलं ते आपल्याला माहीत असतं.

अडीच तारे का नाहीत, तर मंगळवारमुळे. मतदानाच्या दिवशी दुपारी आम्हाला पुन्हा बेन्सेलमची तीच गल्ली मिळाली. रस्ता ओळखीचा, तोरण लांबूनच दिसलं. मी फोनमध्ये त्या घराचा ठिपका शोधला. नव्हता. आधीचं घर होतं, नंतरचं होतं. मला वाटलं झालं, पुन्हा काहीतरी पुसलं गेलं. पोस्टमनने फोन माझ्या हातातून घेतला. 'घरी नाही' नोंदवलेलं घर यादीतून जात नाही, ते परत परत येतं, तो म्हणाला. कोणाची मतपत्रिका मिळाली ते काउंटी रोज कळवते, आणि ज्यांची पोचली तीच नावं गळतात.

त्या घरात नाव एकच होतं.

खिडकीत वडील उभे होते. आम्ही बेल वाजवली नाही, पोस्टमनने नुसता हात केला आणि आम्ही पुढच्या ठिपक्याकडे गेलो.